वाचकांचे प्रश्न : परमुलखात पडलेल्या जवानाचा शोध

प्रश्न : आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. १९४४ साली इटलीत मारले गेले, लग्नही झालं नव्हतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या आयोगाच्या) यादीत नाव सापडत नाही. त्यांची कबर कशी शोधावी?

नाव बहुधा आहे, स्पेलिंग वेगळं आहे. पलटणीतल्या कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत उतरवलं. शिंदेचं सिंदे झालं, कधी आडनाव गळून नुसतं ‘तुकाराम’ उरलं. म्हणून आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताना आडनावाची चौकट रिकामीच ठेवा. दुसरं महायुद्ध, भारतीय सेना आणि इटली एवढं निवडा आणि ‘जादा माहिती’च्या चौकटीत गावाचं नाव टाका. तिथे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. जिल्हा मात्र तेव्हाचा : रायगड नव्हे, कुलाबा, सिंधुदुर्ग नव्हे, रत्नागिरी किंवा सावंतवाडी. पलटणीच्या नावाने शोधायचं तर ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं घाला.

आता कबरीचं. हिंदू जवानाला शक्यतो अग्नी देत, त्यामुळे थडगं नसणं म्हणजे हेळसांड नव्हे. अशा पाचशेहून अधिक भारतीय जवानांची नावं सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीतल्या दहनस्मारकावर आहेत. ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ताच लागला नाही, त्यांची नावं कासिनो स्मारकाच्या संगमरवरावर. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी बावीसाव्या वर्षी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या या वीराचंही नाव तिथेच आहे.

जाण्याआधी नोंदीतला पॅनेल क्रमांक, म्हणजे नाव स्मारकाच्या कोणत्या फलकावर आहे तो, लिहून घ्या. नुसत्या नावाने हजारोंतून शोधताना दिवस जातो. फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा. भर दुपारी कोरीव अक्षरांत सावली पडत नाही आणि फोटोत कोरा दगड दिसतो. तिथली माती आणायचा विचार असेल तर सोडून द्या, भारतात मातीच्या आयातीला बंदी आहे. फूल वाहा, अभ्यागतांच्या वहीत मराठीत नाव-गाव लिहा. घरचं कुणी आलं होतं, हे तिथे नोंदलं जाणं फार मोलाचं आहे.

प्रश्न : देव्हाऱ्यात तळहाताएवढी ब्राँझची जड चकती आहे. तिच्यावर स्त्री, सिंह आणि पणजोबांच्या भावाचं इंग्रजी नाव आहे. हे कसलं पदक?

पदक नव्हे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्याच्या घरी पाठवलेली ही स्मृतिचकती, व्यास सुमारे १२ सेंटीमीटर. सर्वांना मान सारखा म्हणून तिच्यावर हुद्दा नाही, त्यामुळे एकट्या चकतीवरून पलटण कळत नाही. सोबतची गोल पदकं असतील तर त्यांची कड भिंगाखाली पाहा : क्रमांक, हुद्दा, पलटण तिथे ठोकलेली असते. चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडले असतील तर बसरा स्मारकाची नोंद पाहा. तिथल्या भिंतीवर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीगणिक नुसते आकडे घातले. गोऱ्या सैनिकांची नावं मात्र कोरली. हा अन्यायच होता. नावं आहेत ती नोंदवहीत, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर तीच मिळतात.

गाव किंवा बापाचं नाव चुकलेलं आढळलं तर चकती, पदकाची कड आणि जुने पेन्शनचे कागद यांचे फोटो जोडून आयोगाकडे दुरुस्ती मागा. तोंडी माहितीवर नोंद बदलत नाहीत.