वाचकांचे प्रश्न : गरिबी कमी होते ती नेमकी कशामुळे?

गरिबी आणि रोजगार या विषयावर आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांब होती, त्यामुळे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न (नाशिक) : भारतात गरीब किती? कुठे ५ टक्के वाचायला मिळते, कुठे १५, कुठे २२. एवढी तफावत कशी?

उत्तर : तिन्ही आकडे अधिकृत आहेत, पण मोजमाप वेगळे आणि वर्षही वेगळे. २२ (नेमके २१.९) टक्के हा तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेला २०११-१२ चा आकडा. त्या वर्षी रेषा होती माणशी महिना खर्चाची : ग्रामीण भागात ८१६ रुपये, शहरात १,००० रुपये. १५ (नेमके १४.९६) टक्के हा नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा आकडा, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीवर आधारलेला. त्यात पैसा मोजतच नाहीत. पोषण, शाळा, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, बँक खाते असे १२ निकष असतात. ५ (नेमके ५.३) टक्के हा जागतिक बँकेचा २०२२-२३ साठीचा अंदाज, माणशी रोज ३ डॉलरच्या रेषेचा. या डॉलरला चलनबाजाराचा दर लावायचा नसतो. दोन्ही देशांतली खरेदीशक्ती जुळवून तो काढलेला असतो आणि २०२१ च्या भावांनी ती रेषा साधारण ६० रुपयांवर येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरी गॅस आला, खाते उघडले की बहुआयामी गरिबी घटते, मग मजुरी वाढलेली असो वा नसो. दुसरे, घरे किती खर्च करतात याची सरकारी पाहणी होते आणि ५ टक्क्यांचा आकडा तिच्यावरच उभा आहे. २०२२-२३ मध्ये तिची पद्धत बदलली. पूर्वी सगळी प्रश्नावली एकाच भेटीत उरकायची, आता घरी तीनदा जातात. त्यामुळे खर्चाची नोंद अधिक नीट होते, आणि घट दिसते त्यात थोडा वाटा या बदलाचाही आहे. गरिबी घटली याबद्दल शंका नाही, वाद आहे तो किती घटली याचा.

आम्हाला विचाराल तर ग्रामीण भागातल्या मजुरीचा दर महागाई वजा करून पाहावा. गरीब घराकडे विकायला श्रमाखेरीज फारसे काही नसते. त्या श्रमाला काय भाव मिळतो यावर बाकी बरेच ठरते. २००७-०८ ते २०१२-१३ या काळात हा दर झपाट्याने वाढला. त्यानंतरच्या दशकात तो जवळजवळ जागच्या जागी राहिला.

प्रश्न (पुणे, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी) : व्हिएतनाम आपल्याहून गरीब होता, आज पुढे आहे. हे परदेशी कारखान्यांमुळे झाले का?

उत्तर : कारखाने नंतर आले. गरिबीतली पहिली मोठी घट भाताच्या शेतात झाली, आणि हा क्रम समजून घेतला नाही तर सगळाच धडा चुकतो.

१९८० च्या सुमारास उत्तर व्हिएतनाममध्ये शेती सहकारी संस्थांकडे होती. दिवसभर राबले की नावावर गुण मांडले जात आणि हंगामाअखेर गुणांच्या हिशेबाने भात मिळे. चार घमेली जास्त माती उपसली तरी घरी येणाऱ्या भातात फरक पडत नसे. १९८१ मध्ये कुटुंबाला तुकडा कसायला देऊन, ठरलेला कोटा भरल्यावर उरलेले धान्य ठेवू देण्याची मुभा मिळाली. उत्पादन वाढले, पण कोटाही वाढवला गेला आणि उत्साह मावळला. १९८८ च्या सुरुवातीला उत्तरेत उपासमार आली. त्या एप्रिलमध्ये सत्ताधारी पक्षाच्या ‘ठराव क्रमांक १०’ ने जमीन दीर्घ मुदतीने कुटुंबांकडे सोपवली, आणि पुढच्या वर्षापर्यंत बहुतेक भाव खुले झाले. आयात करणाऱ्या त्या देशाने १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. १९९३ च्या कायद्याने हंगामी पिकांच्या जमिनीचा हक्क २० वर्षांसाठी पक्का केला. तो हक्क हस्तांतर करता येई, बदलून घेता येई, वारसाला देता येई, भाड्याने किंवा गहाण ठेवता येई.

यात गरिबांचा फायदा झाला तो वाटप बऱ्यापैकी समान होते म्हणून. विशेषतः उत्तरेत माणसे मोजून जमीन दिली गेली, त्यामुळे तांदळाचा भाव वाढला तेव्हा जवळपास प्रत्येक घरात विकायला थोडे तरी पोते होते. बहुतेक प्रौढांना लिहितावाचता येत होते. पुढे डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेशी व्यापार करार लागू झाला. कपडे आणि पादत्राणांचे कारखाने वाढले तेव्हा शेतावरची हीच मुले-मुली तिथे लागली, आणि गावात उरलेल्या मजुराचाही भाव वाढला. १९९३ मध्ये ५८ टक्के लोक गरीब होते. १९९८ मध्ये ३७, आणि २००८ मध्ये १४.५.

बिघडले तेही पाहा. मध्य पठारावर लोकांनी कॉफीच्या लागवडीत सगळे ओतले, आणि २००१ च्या सुमारास जागतिक भाव कोसळताच एका पिकावरची घरे कर्जात गेली. डोंगरी भागातल्या वांशिक अल्पसंख्याकांचा लोकसंख्येतला वाटा साधारण १५ टक्के, पण आज उरलेल्या गरिबांत बहुसंख्य तेच आहेत. रस्ता दूर, शाळेची भाषा परकी, जमीन उताराची. आपल्याकडे राज्याची सरासरी सुधारत असताना नंदुरबार मागे राहतो तो अशाच कारणांनी.

महाराष्ट्रात हे जसेच्या तसे होणार नाही. इथे जमीन आधीपासून खासगी आणि विषम वाटलेली आहे, शेतकऱ्यामागे सरासरी जमीन १.३४ हेक्टर (२०१५-१६) आणि बहुतांश शेती पावसावर. भारतातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. इतकी माणसे इतक्या कमी उत्पन्नावर बसलेली असताना केवळ पुणे-मुंबई वाढून भागत नाही. कोरडवाहू एकरात जास्त पिकणे आणि तालुक्याजवळ शेतीबाहेरचे काम मिळणे, दोन्ही लागते.

प्रश्न (सोलापूर) : आमच्या बचत गटातल्या बायका लहान कर्ज घेतात, हप्ते वेळेवर फेडतात. तरी उत्पन्न वाढल्याचे दिसत नाही. चुकते कुठे?

उत्तर : तुमच्या गटाचे चुकत नाही, कर्जाचा साचाच तसा आहे. समजा ३०,००० रुपये घेतले, वर्षाला २४ टक्के घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), ५२ साप्ताहिक हप्ते. हप्ता येतो ६५० रुपयांचा, व्याज जाते सुमारे ३,८०० रुपये. पहिला हप्ता लगेच पुढच्या आठवड्यात. आता या पैशांतून शेळ्या घेतल्या तर पहिले उत्पन्न वर्षाने. मग हप्ता भरणार कशातून? मजुरीतून. म्हणून असे कर्ज भाजीविक्री, किराणा, जुने महाग कर्ज फेडणे अशा रोज पैसा फिरणाऱ्या गोष्टींनाच सोसते.

हैदराबादसह बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) गट पाडून केलेले सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. लहान कर्जाने सरासरी घराचे उत्पन्न फारसे वाढल्याचे त्यात दिसले नाही. ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांना मात्र बरा उपयोग झाला. गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेले, हंगामाला परतफेड ठरवलेले कर्ज यापेक्षा चांगले. हप्ता पिकाच्या किंवा जनावराच्या चक्राला बांधा, एवढा एक बदल प्रभाग संघात (अनेक गावांतल्या गटांच्या संघात) मांडून पाहा.

प्रश्न (बीड, निवृत्त ग्रामसेवक) : गटात येण्याइतकीही ज्यांची ऐपत नाही, अशा एकट्या बायका, भूमिहीन घरे यांच्यासाठी काय चालते?

उत्तर : यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला सर्वांत भरवशाचा पुरावा बांगलादेशातून आला. ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ मध्ये कर्जाऐवजी एक पूर्ण संच द्यायला सुरुवात केली. गावकऱ्यांना एकत्र बसवून जमिनीवर गावाचा नकाशा काढतात, प्रत्येक घर दाखवतात आणि सर्वांत हलाखीचे कोण ते त्यांच्याकडूनच ठरवतात. मग घरोघर जाऊन खातरजमा. निवडलेल्या घराला गाय, शेळ्या किंवा छोट्या विक्रीचा माल फुकट. काही महिने खाण्यापुरता भत्ता. जनावराचे प्रशिक्षण, आठवड्याला घरी भेट, बचतीची सवय, आजारपणात मदत. २४ महिन्यांनी संस्था बाजूला होते.

इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत (मुर्शिदाबाद), पाकिस्तान आणि पेरूत हाच संच तपासला गेला. मदत थांबल्यावर वर्षाने मोजले तेव्हा बहुतेक ठिकाणी घरचा खर्च आणि मालमत्ता वाढलेली टिकून होती. मुर्शिदाबादच्या घरांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तिथेही वाढ टिकली. बांगलादेशच्या अभ्यासातून कारण कळते : या बायकांना वर्षातले फार थोडे दिवस मजुरी मिळे. जनावर आल्यावर रिकाम्या दिवसांनाही काम आले. होंडुरासमध्ये घडी बिघडली, कारण दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या.

शेळ्या देणार असाल तर वेळापत्रक आधी कागदावर मांडा. गाभणकाळ ५ महिने, आणि करडू विकण्याजोगे व्हायला ८ ते १० महिने. रिकामी (गाभण नसलेली) शेळी दिली तर बाईच्या हाती पैसा यायला सव्वा वर्ष लागते, आणि तेवढ्यात घरी अडचण आली की शेळीच विकली जाते. म्हणून दुसऱ्या वेताची गाभण शेळी घ्या. उस्मानाबादी शेळी इथल्या हवेत टिकते आणि तिला बऱ्याचदा जुळे होते. एकाच बाजारातून गर्दीत खरेदी करू नका, रोग तिथूनच येतो. आणल्यावर दोन आठवडे वेगळी बांधा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, पीपीआर या साथीच्या रोगाची लस ३ ते ४ महिन्यांच्या पुढच्या सगळ्यांना. कानात बिल्ला मारून विमा. भत्ता निदान पहिले करडू विकेपर्यंत चालू ठेवा.

योजना फसते ती बहुधा खर्च वाचवताना. भेटी आणि भत्ता दिसत नाहीत, फोटो शेळीचा निघतो, म्हणून कात्री आधी भेटींना लागते. तसे करू नका. ठराविक पातळीपेक्षा कमी मालमत्ता दिली तर घर पुन्हा जुन्या जागी घसरते, असेही बांगलादेशच्या आकड्यांतून दिसते. बिहारने २०१८ मध्ये ‘सतत जीविकोपार्जन योजना’ आणून बचत गटांच्या जाळ्यातून हेच काम सरकारी पातळीवर उभे केले. तुमच्या जिल्ह्यात पशुसखी (जनावरांच्या देखभालीत मदत करणाऱ्या गावातल्याच बायका) आहेत, गावातल्या गटांचे ग्रामसंघ आहेत. मनुष्यबळाचा पाया तयार आहे.

प्रश्न (जालना, शेतकरी) : रोजगार हमीने मजूर महाग झाले. गरिबी हटवताना लहान शेतकऱ्याला चेपणे बरोबर आहे का?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. कापूस वेचणीला मजुरी वाढली की खर्च तुमच्याच माथी येतो. पण पूर्ण हिशेब पाहू. हमीची कल्पना महाराष्ट्रातलीच. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगावात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, कायदा १९७७ चा. त्यासाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. 

२००५ च्या केंद्रीय कायद्याखाली संयुक्त आंध्र प्रदेशात एक मोठा प्रयोग झाला. काही मंडलांत मजुरी बोटाच्या ठशाच्या कार्डावर थेट हाती देऊ लागले, तेव्हा गळती घटली. नोंदणीकृत घरांचे उत्पन्न १३-१४ टक्क्यांनी वाढले, आणि त्यातला फार मोठा भाग योजनेबाहेरच्या खासगी मजुरीतून आला. खासगी रोजगार घटला नाही. पर्याय असला की मजूर भाव मागू शकतो. जमीन थोड्यांच्या हाती असलेल्या भागात हा परिणाम जास्त दिसला.

दोन एकरवाल्याचे घर बहुधा मजुरी देतेही आणि करतेही. तुमची मागणी अशी असावी : पेरणी-वेचणीच्या आठवड्यांत कामे थांबवा आणि कोरड्या महिन्यांत शेततळी, बांधबंदिस्ती, सिंचन विहिरी घ्या. त्यातून तुमचा एकर सुधारतो. मजुरी १५ दिवसांत मिळाली नाही तर सर्वांत गरीब माणूसच कामावरून पहिला निघून जातो, कारण त्याला रोजचा पैसा लागतो. त्या उशिराविरुद्ध शेतकऱ्यांनीही बोलावे.

प्रश्न (अमरावती) : आमच्या गावात काही घरे वर आली आणि पाच वर्षांत परत खाली गेली. असे का?

उत्तर : संशोधक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थानातल्या ३५ गावांचा २५ वर्षांचा मागोवा घेतला. सुमारे ११ टक्के घरे गरिबीतून बाहेर पडली होती आणि त्याच काळात ८ टक्के नव्याने आत गेली होती. खाली जाण्याची कारणे बहुतेक तीच : आजारपण, लग्न-मयताचा खर्च, सावकाराचे चढे व्याज. वर येण्याची कारणे वेगळी होती, म्हणजे शेतीबाहेरचे काम आणि सिंचन. म्हणून एकाच उपायाने दोन्ही साधत नाही.

देशाच्या आरोग्यखर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. तरी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे ५ लाखांचे छत्र मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. घर पोखरले जाते ते दर महिन्याच्या औषधगोळ्यांनी आणि तपासण्यांनी. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात. तिथे साठा संपला असेल तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात तारखेसह नोंद करून घ्या. भरती व्हायची वेळ आली तर अनामत भरण्याआधी योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळतात का ते आजच पाहून ठेवा, कारण नावातला फरक रुग्णालयाच्या दारात दुरुस्त होत नाही.