सेल बहुतेक चांगलाच आहे, त्याच्यावरची माती सैल राहिलीय

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं, की १० मीटर भरावाखाली प्रेशर सेल (मातीचा दाब मोजणारी चपटी डबी) आडवा पुरलाय, मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरून १८० किलोपास्कल यायला हवेत आणि येतायत ११० च्या आसपास, तर सेल खराब आहे का, आणि शेजारच्या खाणीतल्या सुरुंगाचा धक्का ह्याच सेलवर मोजता येईल का.

पहिल्याचं उत्तर, बहुतेक नाही. मी मातीच्या धरणांवर इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलंय आणि आमच्याकडे पण एकदा डिट्टो हेच झालं होतं, सुपरवायझरने लगेच "सेल गेला साहेब" म्हणून टाकलं, पण सेल मेला तर रीडिंग येत नाही किंवा वेड्यासारखं नाचतं, इथे तर भराव वाढेल तसं रीडिंग शिस्तीत वाढत होतं, फक्त कमी. मग आठवलं की सेल ठेवायला भरावात खड्डा काढला होता, आणि रोलरने सेल चेपेल ह्या भीतीने खड्ड्यातली माती पोरांनी हाताने धुम्मस मारून भरली होती, ती पण जरा प्रेमानेच. आजूबाजूला रोलरने कडक दाबलेली माती आणि मधे हा मऊ खिसा. वरचं वजन अशा वेळी सरळ खाली येत नाही, कमानीसारखं दोन्ही बाजूंच्या कडक मातीवर जाऊन टेकतं आणि सेलच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मृदा यांत्रिकीचा जनक मानल्या जाणाऱ्या टेरझाघीने १९३६ मध्ये वाळूखालचा दरवाजा जरासा खाली सरकवून हेच दाखवलं होतं, दरवाजा किंचित सरकला की त्याच्यावरचा दाब धाडकन उतरतो. धान्याच्या कणगीत पण तेच, वरून कितीही ओता, एका मर्यादेनंतर तळावरचा दाब फारसा वाढत नाही, बाकीचं वजन भिंती घेतात.

म्हणजे सेल खोटं बोलत नाहीये, त्याच्या अंगावर जेवढं येतंय तेवढंच सांगतोय. अडचण अशी की तुम्ही तिथे यंत्र पुरलं म्हणूनच तिथला दाब बदलला. उलटही होतं, सेल मातीपेक्षा ताठ आणि जाड असेल तर मातीतल्या दगडासारखा तो जास्तीचं वजन स्वतःकडे ओढतो आणि रीडिंग जास्त येतं. म्हणून हे सेल पापडासारखे पातळ करतात, नेहमीचा तेल भरलेला सेल २३० मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम ६ मिलिमीटर जाड असतो. पण सेल कितीही भारी घ्या, खड्डा नीट भरला नाही तर पैसे पाण्यात. भरायला तीच भरावाची माती, खडे चाळून काढलेली, ओलावा तोच, पातळ थरांत, आणि घनता शेजारच्या भरावाएवढी आली का ते तपासून. एका सेलवर विश्वास ठेवू नका, एकाच पातळीवर निदान तीन ठेवा. आणि शेजारी पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र) हवाच, कारण सेल माती आणि पाणी दोघांचा मिळून दाब दाखवतो, पाण्याचा वजा केल्याशिवाय मातीच्या कणांवर किती येतंय ते कळणार नाही.

आता सुरुंग. तुमचा सेल व्हायब्रेटिंग वायरचा आहे, म्हणजे आत ताणलेली तार आहे, रीडआउट (रीडिंग घ्यायचा डबा) ती छेडतो आणि किती वारंवारतेने वाजते त्यावरून दाब काढतो. साधा रीडआउट एका रीडिंगला सेकंदभर तरी घेतो आणि तेवढ्यात सुरुंगाचा हादरा येऊन गेलेला असतो, त्यामुळे ते जमणार नाही. झटपट प्रतिसाद देणारा सेन्सर लावला तरी आधी हिशोब करून बघा. हादऱ्याचा दाब अंदाजे म्हणजे मातीची घनता गुणिले मातीतून धावणाऱ्या लाटेचा वेग गुणिले हादऱ्याने मातीचे कण हलतात तो वेग, घनमीटरला १८०० किलो, ५०० मीटर प्रतिसेकंद आणि १० मिलिमीटर प्रतिसेकंद धरले तर ९ किलोपास्कल येतात, म्हणजे तुमच्या १८० च्या ५ टक्के, आणि इथे बहुतेक त्या खड्ड्यामुळे ७० चा घोळ झालाय! त्यापेक्षा कणांचा वेग सरळ जिओफोनने (जमिनीच्या हादऱ्याचा वेग मोजणारा सेन्सर) मोजा. नियम पण त्याच भाषेत आहेत, डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालय) १९९७ च्या मर्यादा खाणीबाहेरच्या लोकांच्या साध्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली ५, ८ ते २५ मध्ये १० आणि त्याच्या वर १५ मिलिमीटर प्रतिसेकंद अशा आहेत.

पण जिओफोन नुसता जमिनीवर ठेवून चहाला जाऊ नका. धक्का ०.२ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) च्या वर जाणार असेल तर पुरलेला बरा, १ जी च्या वर तर पुरायलाच हवा नाहीतर खडकाला पक्का जोडायला हवा, नाहीतर तो स्वतःच उडतो आणि तुम्ही जमिनीची नाही, डब्याची उडी मोजता. खड्डा सेन्सरच्या उंचीच्या तिप्पट खोल घ्या आणि माती परत नीट ठोकून भरा (हो, पुन्हा तीच गोष्ट). यंत्र ज्याला चिकटलंय त्याचीच हालचाल ते सांगतं. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी आणि आडव्या दिशेने ०.४९ जी नोंदवले, ते आकडे अजून जगभर वापरतात, पण ते यंत्र धरणाच्या आत होतं हे लक्षात ठेवूनच वाचावे लागतात.

एक राहिलं, शून्य रीडिंग (सेलवर माती टाकण्याआधीचं) कधी घेतलं होतं? आमच्या एका पोराने ते मे महिन्यात भर दुपारी, सेल उन्हात तापलेला असताना घेतलं होतं, आतलं तेल फुगलेलं, मग मातीखाली सेल गार झाला आणि सगळी रीडिंगं सुरुवातीपासूनच कमी यायला लागली. तुमच्या सेलमधल्या थर्मिस्टरने (तापमान मोजणारा भाग) दाखवलेलं त्या वेळचं तापमान वहीत असेल तर कमेंटमध्ये टाका, ७० पैकी किती त्यात जातात ते बघू.