वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेच्या अलीकडचा आणि पलीकडचा खर्च

प्रश्न : आमचे महिला मंडळ इंदूरच्या लोकमान्यनगरात गेली अनेक वर्षे चालू आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण न लुटता तेवढी रक्कम स्तनांचा कर्करोग झालेल्या गरजू स्त्रियांसाठी द्यावी असे ठरले. भिशीची शिल्लक मिळून १ लाख ४० हजार रुपये जमले आहेत. काही सभासदांना या पैशांतून एक दिवसाचे मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) शिबिर घ्यावे असे वाटते, तर काहींच्या मते एखाद्या गरीब स्त्रीच्या शस्त्रक्रियेचा पूर्ण खर्च उचलावा. आपला सल्ला हवा आहे. (मंडळाच्या सचिव)

उत्तर : दोन्ही सूचनांमागची कळकळ मला पोचली, तरी माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे.

आधी शिबिराविषयी. १९९८ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी तिथल्या गरीब वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारा एक अभ्यास सुरू केला. त्यांच्यापैकी एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करीत असत, आणि दुसऱ्या गटाला केवळ माहिती दिली जात असे. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडत होता आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंच्या संख्येत तसा फरक दिसला नाही. म्हणजे जे काम झाले ते महागड्या यंत्राविना, शिकवलेल्या हातांनी आणि पुन्हा पुन्हा त्याच दारी जाऊन झाले. एका रविवारी मांडव घालून शंभर स्त्रियांना यंत्रासमोर उभे केले आणि त्यांतल्या चौघींना ‘पुढील तपासणी करावी’ असा कागद हातात मिळाला, तर सोमवारी त्या चौघींना घेऊन रुग्णालयात कोण जाणार, हा प्रश्न मी आजवर ज्या ज्या मंडळाला विचारला त्या प्रत्येक बैठकीत काही काळ शांतता पसरली.

आता शस्त्रक्रियेचा खर्च. सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन त्यात येतात. ज्या स्त्रीपाशी या योजनेचे कार्ड आहे तिचे ऑपरेशन आपल्या मदतीविनाही होऊ शकते. तिचा संसार मोडतो तो ऑपरेशनच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खर्चाने. योजनेतून भरतीपूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच काळ धरला जातो. गाठ लक्षात आल्यापासून सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने काढलेला तुकडा आणि त्याचा अहवाल यांत जे आठवडे जातात, त्यांचे पैसे ती बहुतेक वेळा एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत आधीच मोजून बसलेली असते; आणि योजना रोकडविरहित असल्यामुळे एकदा भरलेली ती रक्कम परत मागण्याची सोय नसते.

त्याहून मोठा खर्च मुक्कामाचा. बडवानीकडच्या एखाद्या गावातली, कापूस वेचायला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिला केमोथेरपीसाठी दोन-तीन आठवड्यांनी एकदा असे सहा-आठ वेळा इंदूरला यावे लागते. प्रत्येक खेपेला बरोबर नवरा किंवा भाऊ असतो आणि त्या दिवसांची दोघांचीही मजुरी बुडते. त्यानंतर रेडिएशन, ज्याला आपल्याकडचे रुग्ण ‘सिकाई’ म्हणतात, ते आठवड्यातून पाच दिवस आणि साधारणतः तीन ते पाच आठवडे चालते. रोज बडवानीहून येणे-जाणे अशक्य, आणि इंदुरात खोली घेऊन राहणे परवडत नाही.

येथे मला आपल्या मंडळाने फार बारकाईने पाहावे असे वाटते. गाठ लवकर सापडली आणि फार मोठी नसली, तर पूर्ण स्तन काढण्याऐवजी गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन देणे हा मार्ग तितकाच सुरक्षित असतो. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी स्वतंत्रपणे केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींकडे स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. तरीही खेड्यातून आलेल्या कित्येक स्त्रिया ‘सगळेच काढून टाका’ म्हणतात, आणि खोलात जाऊन विचारले तर रोगाच्या भीतीबरोबरच दुसरे कारण हळू आवाजात बाहेर येते : तितके दिवस शहरात राहायचे कुठे? तीन आठवड्यांच्या खोलीभाड्याअभावी एखाद्या स्त्रीने आपला स्तन गमवावा, हे मला शस्त्रक्रियेच्या बिलापेक्षा अधिक बोचते. (पूर्ण स्तन काढल्यावरही काहींना रेडिएशन घ्यावेच लागते, तेव्हा कोणता मार्ग योग्य हे शल्यविशारदानेच ठरवायचे असते. पैशाने ते ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे.)

म्हणून आपल्या रकमेचा मोठा भाग मुक्काम, बसभाडे आणि सुरुवातीच्या तपासण्या यांसाठी राखून ठेवा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोलून दर महिन्याला एक-दोन स्त्रिया निवडा आणि पैसे शक्यतो हातात न देता खोलीच्या मालकाला, प्रयोगशाळेला, औषधाच्या दुकानाला थेट द्या. थोडा भाग गोळ्यांसाठी ठेवा. ज्यांचा रोग संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणारा असतो त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे रोज घ्यायची असते. ती महाग नसते, पण बरे वाटू लागले की तिच्यासाठी तालुक्याला जाणे मागे पडते. तीन महिन्यांच्या गोळ्या पोचवून एक फोन करणे हे मंडळाला सहज जमण्यासारखे काम आहे.

आणि आपल्यापाशी पैशांहून दुर्मिळ अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सुई-दोरा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जखमेतील पाणी नळीवाटे एका डबीत साठत असते. ती डबी हातात धरून फिरण्याऐवजी गळ्यात अडकवता येईल अशी लहान सुती पिशवी, पुढून बटणे असलेला सैल ब्लाउज, आणि काखेत ठेवायची, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची मऊ उशी, या तिन्ही वस्तू जुन्या सुती साड्यांतून होतात. स्तन काढलेल्या स्त्रीसाठी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण त्याची किंमत हजारांत जाते आणि उन्हाळ्यात तो फार गरम होतो. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ मध्ये ‘निटेड नॉकर्स’ या नावाने सुती धाग्याचे विणलेले, आत हलका कृत्रिम कापूस भरलेले स्तन मोफत देण्याचे काम सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत पोचले. भारतातही स्त्रिया ते विणतात. क्रोशा येणाऱ्या बाईला हे अवघड नाही. धागा मऊ सुतीच हवा, लोकर नको, कारण ती जखमेच्या जागी टोचते. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच हा विणलेला स्तन वापरायचा असतो.

पुढे वर्गणी नियमित गोळा करायची झाल्यास नोंदणी करून घ्या. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आपल्याला धर्मादाय आयुक्तांकडे जायला सांगतील, पण ती महाराष्ट्रातली व्यवस्था आहे. मध्य प्रदेशात संस्थेची नोंदणी १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली होते, आणि सार्वजनिक न्यास करायचा असेल तर १९५१ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी हे निबंधक असतात.

प्रश्न : आमच्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या बाईंना (वय ४६) स्तनात गाठ आढळली आहे. सुईने तपासणी करायला सांगितले आहे, परंतु ‘सुई लागली की रोग पसरतो’ असे त्यांच्या दिरांनी सांगितल्यामुळे त्या तयार नाहीत. त्यांचे आयुष्मान कार्ड नाही. आम्ही दोघे निवृत्तिवेतनावर आहोत. आमच्या हातून काय होऊ शकेल? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : सुईने तुकडा काढून तपासल्यामुळे रोग पसरत नाही. तो अहवाल नसेल तर डॉक्टर अंधारात चाचपडतात, कारण गाठ कोणत्या प्रकारची आहे यावर आधी शस्त्रक्रिया करायची की आधी केमोथेरपी द्यायची हे अवलंबून असते. दिरांशी वाद घालू नका. त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि हा प्रश्न डॉक्टरांसमोर विचारायला लावा. घरातला पुरुष स्वतः ऐकून आला की बाईवरचे अर्धे ओझे उतरते.

कार्ड नाही म्हणजे पात्रता नाही असे समजू नये. कित्येकांची नावे यादीत असतात, कार्ड तेवढे काढलेले नसते. १४५५५ या क्रमांकावर किंवा योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आयुष्मान मित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) त्यांचे आधार आणि कुटुंबाची समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा ओळख क्रमांक) घेऊन चौकशी करा. (२०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता हे कार्ड मिळते, ही माहिती आपल्या दोघांच्याही उपयोगाची आहे.) पात्रता नसलीच, तर एम. जी. एम. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न शासकीय रुग्णालयात उपचार सुरू करावेत आणि तेथून खर्चाचे अंदाजपत्रक घेऊन मुख्यमंत्री स्वेच्छानुदान आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी या दोन्हींकडे अर्ज करावेत. मदत मंजूर झाल्यास ती रुग्णालयाकडे जमा होते. म्हणून उपचार उरकल्यानंतर अर्ज करण्याची चूक करू नका.

मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे ठरले तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेवर विसंबू नका. ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आडनाव मराठी असून भागत नाही. रेल्वेची सवलत मात्र देशभर सर्वांना आहे. रुग्णालयाने ठराविक नमुन्यात प्रमाणपत्र दिल्यास कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीचे तिकीट पूर्ण माफ असते, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे आधी विचारून ठेवावे.

आणि आपण दोघांनी काय करावे? त्यांचा पगार चालू ठेवा. इतर सर्व मदतींना अर्ज, शिक्के आणि वाट पाहणे लागते, याला लागत नाही. काम बंद झाले की घर सुटेल या धास्तीने बायका ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी फडके पिळायला उभ्या राहतात, आणि ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या तो हात सुजू लागतो. ती सूज एकदा धरली की आयुष्यभर सांभाळावी लागते.

प्रश्न : मोबाइलवर कर्करोगग्रस्त स्त्रियांची छायाचित्रे दाखवून पैसे मागणारे आवाहन रोज येते. द्यावे का? आणि त्यावर करसवलत मिळते का? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : रुग्णालयाच्या नावे असलेल्या खात्यात पैसे भरण्याची सोय नसेल तर देऊ नका. उपचाराच्या अंदाजपत्रकावर रुग्णालयाचा दूरध्वनी असतो, तेथे स्वतः विचारा. शस्त्रक्रियेनंतरचे उघडे छायाचित्र वापरलेले आवाहन मी तरी तत्काळ पुसून टाकते, कारण त्या स्त्रीने कोणत्या अवस्थेत त्याला होकार दिला असेल याची कल्पना मला आहे. व्यक्तीला दिलेल्या पैशांवर करसवलत नाही. ‘८०-जी’ मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ती मिळते, पण २ हजारांहून अधिक रक्कम रोख दिल्यास मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारली असेल तर मुळीच नाही.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. आता डॉक्टर म्हणतात की नव्या रुग्णांना भेटून धीर द्यावा. माझ्या आजाराविषयी घराबाहेर फारसे कुणाला माहीत नाही, सासूबाईंनाही ते आवडणार नाही. मी काय बोलणार, हेही कळत नाही. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लासर यांचे असेच ऑपरेशन झाले. हात कसा हलवावा, कपडे कसे घालावेत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच रुग्णालयात जाऊन ऑपरेशन झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. अनेक डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. पुढे १९६९ मध्ये तिथल्या कर्करोग संस्थेने त्यांचे काम आपल्याकडे घेतले. त्या उपदेश करीत नसत. बरोबर तात्पुरता कृत्रिम स्तन आणि हाताच्या व्यायामाची माहिती घेऊन जात असत.

आपणही तेवढेच करावे. ‘तुम्ही बऱ्या व्हाल’ असे वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. औषधांविषयी बोलू नका. भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा व्यायाम करून दाखवा, पहिल्यांदा आरशात पाहिले तेव्हा काय झाले हे तिने विचारले तरच सांगा, आणि आपले नाव-पत्ता देण्याची सक्ती कुणाचीही नाही. सासूबाईंची परवानगी प्रथम मागण्यापेक्षा एका भेटीनंतर त्यांना सांगून पाहावे, असे मला वाटते. रिकाम्या हाताने जाणे जड वाटत असेल तर याच सदरातील पहिले पत्र पाहा. लोकमान्यनगरच्या त्या मंडळाने आपले काम सुरू केले तर बदामाच्या उशा तिथे तयार असतील, आणि त्या कुणाच्या काखेत कशा ठेवायच्या हे दाखवायला त्यांना आपल्यासारखीच कुणीतरी हवी असेल.