टोरांटोत समुपदेशक म्हणून येण्याआधी

नाशिकमध्ये सात वर्षं समुपदेशन केल्यावर आता तुम्ही टोरांटोला यायचं म्हणताय. पदवी चालेल का, पोट भरेल का, आणि "तिकडे आपल्या संस्कृतीची जाण असलेले थेरपिस्ट कमी आहेत म्हणे, मग माझं मराठी असणं कामी येईल ना?" असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं झटपट देते. तिसऱ्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण मीही हीच समजूत घेऊन इथे आले होते.

कॅनडात या व्यवसायाचे नियम प्रांतागणिक वेगळे आहेत. टोरांटो ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टारिओत 'रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट' हे नाव लावायचं तर सीआरपीओ या नियामक संस्थेची नोंदणी लागते. ही संस्था 2015 मध्ये सुरू झाली. नुसत्या एम.ए. मानसशास्त्रावर भागत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात काय काय शिकवलं ते त्यांच्या निकषांशी ताडून दाखवावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि पूर्ण नोंदणीसाठी क्लायंटसोबतचे 450 तास नि सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घेण्याचे, 100 तास भरावे लागतात. म्हणून निघण्याआधी विभागाचा शिक्का असलेला अभ्यासक्रम, सुपरव्हायझरच्या सहीची पत्रं, तासांच्या नोंदी सगळं हातात घ्या. माझा राहून गेलेला अभ्यासक्रम मिळवायला भावाने विद्यापीठात चार खेपा घातल्या, त्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

पोट भरतं, पण हळूहळू. खासगी प्रॅक्टिसमधल्या आमच्या सेशनचे पैसे सरकारी आरोग्य विमा देत नाही. क्लायंट स्वतःच्या खिशातून देतो, नाहीतर नोकरीतल्या विम्यातून, आणि तो बरेचदा चार-सहा सेशनमध्ये संपतो. 2024 च्या जूनमध्ये आमच्या फीवरचा 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, गेला, तेवढाच दिलासा. रात्रपाळीत गोदामात उभं राहणाऱ्या माणसाला पूर्ण फी परवडत नाही, म्हणून आठवड्यातले काही तास मी कमी फीचे ठेवते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ठेवू म्हटलं की राहून जातं.

आता तिसरा प्रश्न. इथे 'अँटी-ऑप्रेसिव्ह प्रॅक्टिस' हा शब्द तुमच्या कानावर सारखा पडेल. माणसाच्या त्रासाचं मूळ फक्त त्याच्या मनात शोधायचं नाही, त्याच्यावर कोणाची सत्ता चालते तेही बघायचं, आणि समोर बसलेल्या थेरपिस्टच्या हातातली सत्ताही त्यातच धरायची, असा त्याचा अर्थ. हा विचार कालपरवाचा नाही. कोलकात्यात जन्मलेल्या जाफर करीम यांनी लंडनमध्ये 1983 मध्ये 'नफसियत' हे वेगवेगळ्या संस्कृतींतल्या लोकांसाठीचं थेरपी केंद्र काढलं. टोरांटोत वर्णद्वेषविरोधी भूमिकेतून चालणारं 'अक्रॉस बाउंड्रीज' हे मानसिक आरोग्य केंद्र 1995 पासून आहे. आल्यावर त्यांचं काम जरूर समजून घ्या.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). छातीत धडधड, झोप नाही. माझ्या तेव्हाच्या सुपरव्हायझरचं म्हणणं एकच, की सासूला 'नाही' म्हणायला हिला शिकवा. पण बाईंचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, पगार त्याच्या खात्यात, कायमच्या वास्तव्याचा अर्जही त्याच्याच नावे. तिने 'नाही' म्हणायचं कशाच्या जोरावर? आम्ही आधी इमिग्रेशनचा वकील शोधला, मग तिचं स्वतःचं बँक खातं उघडलं. श्वासाचे व्यायाम त्यानंतर. तेव्हा मला वाटलं, बघा, मला कळतं. मीही बाहेरूनच आलेली ना!

मग एक तरुण आला. मराठी, पण माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायचा. तिसऱ्या सेशनला त्याने माझ्या दारावरच्या पाटीकडे बघत विचारलं, "तुमच्या घरी कुठली मराठी बोलतात?" मी हसून म्हटलं, "अरे, इथे कोण जात बघतंय!" तो गप्प झाला. हातातल्या कागदी कपाची कड नखाने सोलत राहिला, पार अर्धा कप होईपर्यंत. पुढच्या वेळी तो आला हे माझं नशीब. मंडळाच्या कार्यक्रमात आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न काय येतो, खोलीतल्या मित्रांनी भांडी कशी वेगळी केली, हे त्याने त्या दिवशी सांगितलं, मराठीत. त्याआधी मी त्याची माफी मागितली होती. माझ्या आडनावाने मला आयुष्यभर जी मोकळीक दिली, तिच्याच जोरावर मी त्याचं दुःख एका वाक्यात उडवून लावलं होतं. गोऱ्या सुपरव्हायझरने त्या बाईंच्या बाबतीत जे केलं, तेच मी त्याच्या बाबतीत केलं.

जातीवरून होणारा भेदभाव मानवी हक्क कायद्यात बसतो, हे ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये लेखी स्पष्ट केलं. तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवते आणि वेळ आली की क्लायंटच्या हातात देते.

तेव्हा मराठी असणं कामी येईल, हो. 'जीव घाबरा होतो' याचं भाषांतर तुम्हाला करावं लागणार नाही. पण काही जण तुमचं आडनाव वाचूनच फोन करणार नाहीत, आणि काही जण नेमक्या त्याच कारणाने करतील. दोन्ही गोष्टींबद्दल बोलता येईल असा सुपरव्हायझर आधी शोधा, घर नंतर. आणि तुमच्या प्रोफाइलवर 'आम्ही सर्वांना समान वागवतो' असं लिहू नका. जातीच्या अनुभवाबद्दल इथे बोलता येईल, तेही मराठीत, असं स्पष्ट लिहा. मी हे वाक्य टाकलं त्या महिन्यात तिघांनी फोन केला.