'सरासरीच्या ९६ टक्के' आणि 'शक्यता ३५ टक्के'

प्रश्न असा: पावसाच्या बातमीत कधी 'सरासरीच्या ९६ टक्के', कधी 'शक्यता ३५ टक्के', कधी 'उणे ३६ टक्के' येतं. 'सरासरी' आणि 'सर्वसाधारण' एकच का?

एकच नाहीत. सरासरी हा एक आकडा आहे: जून ते सप्टेंबर, देशभरासाठी ८७ सेंमी (१९७१ ते २०२० च्या नोंदींवरून). सर्वसाधारण हा पट्टा आहे: या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. ९० ते ९५ म्हणजे सर्वसाधारणपेक्षा कमी, नव्वदच्या खाली अपुरा.

२०२३ चंच घ्या. एल निनोची चाहूल होती, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची; त्यानं आपला पाऊस अनेकदा घटतो. एप्रिलमध्ये हवामान विभागानं ९६ टक्के सांगितले, चूकमर्यादा अधिक-उणे ५, म्हणजे ९१ ते १०१. मथळ्यांत 'पाऊस सर्वसाधारण' झळकलं. त्याच पत्रकात शक्यतांचा तक्ता होता: सर्वसाधारण ३५, त्याहून कमी २९, अपुरा २२. खालच्या दोन्ही गटांची बेरीज ५१! शेतकऱ्यानं वाचायचा आकडा हाच. पाऊस शेवटी ९४ टक्के झाला.

'उणे ३६' त्याच वर्षीच्या ऑगस्टचे. २५४.९ मिमीच्या जागी १६२.७ मिमी पडला, म्हणजे सरासरीच्या ६४ टक्के. 'उणे' गाळून वाचलं की अनर्थ. जिल्ह्याच्या तक्त्यात तर उणे १९ ते अधिक १९ एवढं सगळं 'सर्वसाधारण'च, त्यामुळे ८१ टक्क्यांवरही तक्रारीला जागा नाही.

'एल निनो म्हणजे दुष्काळ' हे समीकरणही ढिलंच. १९९७ ला एल निनो जबरदस्त होता, तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला. उलट २००२ ला तो तेवढा तीव्र नव्हता, आणि पाऊस ८१ टक्क्यांवर अडला.

हंगामी अंदाजावरून पीक आणि वाण ठरवावं, पेरणीची तारीख नाही. तूट संभवत असेल तर कमी कालावधीचं सोयाबीन, त्यात तुरीचं आंतरपीक, रुंद वरंबा-सरीवर पेरणी. तारीख मात्र ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वापसा (ओल आहे पण चिखल नाही, अशी पेरणीजोगी जमीन) आल्यावरच धरायची. पहिल्याच सरीवर पेरलं आणि खंड पडला की उगवलेलं करपतं, दुबार बियाण्याचा खर्च बसतो. जुलैचा पहिला आठवडा उलटला तर मूग-उडीद सोडून द्यावेत.