दंडवते ज्या तुरुंगात होते, तो अजून आहे का?

प्रश्न : आम्ही राजापूरचे. आणीबाणीत आपले खासदार मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते, असे वडील सांगत. डिसेंबरात मुलीकडे बंगळुरूला जाणार आहोत. तो तुरुंग अजून आहे का? आत जाता येते का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : आहे, आणि आत जाताही येते. मॅजेस्टिकला, म्हणजे शहराच्या मुख्य बसस्थानकावर, उतरून रिक्षावाल्याला ‘फ्रीडम पार्क’ सांगा. तुरुंग १८६७ सालचा. २००० साली कैदी परप्पन अग्रहारच्या नव्या तुरुंगात हलवले आणि २००८मध्ये जागा बाग म्हणून खुली झाली. मधला टेहळणीचा मनोरा आणि काही बराकी राखल्या, हे फार बरे झाले. मनोऱ्याखाली उभे राहिलात की चहूकडे फाकलेल्या बराकींवर एकट्या पहारेकऱ्याची नजर कशी राहत असेल, ते न सांगता कळते.

जून १९७५मध्ये दंडवते, वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूत आले होते. २६ तारखेला तिथेच अटक झाली. प्रमिलाताई पुढे येरवड्यात. दोघे नवराबायको दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रे लिहीत राहिले. बाहेर आल्यावर दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली, हे तुमच्या वडिलांनी सांगितले असेलच.

आणखी एक नाव मनात ठेवून जा : कन्नड अभिनेत्री स्नेहलता रेड्डी. त्यांना दम्याचा विकार होता. आठ महिने त्या याच तुरुंगात होत्या. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या आपल्या कोठडीपर्यंत ऐकू येत, असे दंडवत्यांनी नंतर लिहिले. जानेवारी १९७७मध्ये पॅरोलवर सुटल्या आणि पाचच दिवसांनी, २० तारखेला गेल्या. मी मल्लेश्वरमला तीस वर्षे राहते, पाहुण्यांना घेऊन कितीदा तरी तिथे गेले. पण हे वाचल्यापासून बराकीत शिरले की आधी भिंतींमधले अंतर डोळ्यांनी मोजते.

सकाळी जा. फिरायला आलेली माणसे असतात, उन्हाचा त्रास नसतो. बाजूच्या भागात घोषणा ऐकू आल्या तर बिचकू नका. शहरातली धरणी-निदर्शने आता तिथेच होतात. दोन मिनिटे थांबून त्यांचे फलक मुलीकडून वाचून घ्या. प्रमिलाताईंचा येरवडाही मनात असेल, तर तो मात्र आजही चालू तुरुंग आहे.