मराठीत बी.ए., पुढे सेमिनरी

प्रश्न : मी अहिल्यानगरला मराठी विषय घेऊन बी.ए. करते, दुसरं वर्ष आहे. पुढे बी.डी.साठी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पदवी) सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात जायचंय. तिथे सगळं इंग्रजीत, म्हणून आत्ताच विषय बदलून इंग्रजी घे, असं घरचे म्हणतात. काय करू? तयारी कुठून सुरू करू?

उत्तर : विषय मुळीच बदलू नकोस. ईश्वरविज्ञान शिकायला सेमिनरीत वर्षं मिळणारच आहेत. बी.ए.त शिकायचं ते नीट वाचणं. कविता कोणी, कधी, कोणासाठी लिहिली, तिच्यात आधी काय म्हटलंय आणि मग मला काय वाटतं, हा क्रम अंगी मुरला की बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडल्यावर गोंधळ होत नाही. मी ग्रीक, म्हणजे नव्या कराराची मूळ भाषा, शिकवायचे तेव्हा विज्ञान शाखेची हुशार मुलं व्याकरण पटकन उचलायची. अडायची ती उताऱ्याचा अर्थ लावताना.

शिवाय रविवारी तू जिच्यापुढे उभी राहशील ती चर्चची मंडळी मराठी आहे. आमचे कितीतरी विद्यार्थी इंग्रजीतून शिकलेलं मराठीत सांगताना अडखळतात आणि मागच्या बाकावरच्या आजीपर्यंत काहीच पोचत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. फादर स्टीफन्स यांची मराठी ओवीतली ख्रिस्तकथा १६१६ साली गोव्यात छापली गेली. ती वाच, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग वाच.

इंग्रजीसाठी रोज बायबलचा अर्थ उलगडणाऱ्या एखाद्या इंग्रजी भाष्यग्रंथाचं एक पान वाचून त्याचा सारांश इंग्रजीतच लिही. बी.डी.त लिहावं खूप लागतं, बोलणं मागून येतं.

या सुट्टीत ग्रीकची २४ अक्षरं गिरव. मग योहानाचं पहिलं पत्र घे; वाक्यं छोटी आणि तेच शब्द पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे धीर येतो. हिब्रू, म्हणजे जुन्या कराराची भाषा, सेमिनरीत गेल्यावर शीक. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी, तरी हिब्रू आणि ग्रीक त्या मोठेपणी शिकल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावात मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम चालू होतं. तू तर अजून विशीत आहेस.

आणि एक. अर्जासोबत मंडळीचं शिफारसपत्र लागतं. संडे स्कूलचा एक वर्ग आत्ताच मागून घे, पाळकसाहेबांबरोबर घरभेटींना जा. आजारी माणसाच्या खाटेशी बसून प्रार्थना करणं कुठल्याही पुस्तकातून येत नाही. तुझ्या मनातलं त्यांना याच महिन्यात सांग. शेवटच्या वर्षी अर्ज हातात घेऊन पहिल्यांदा जाऊ नकोस.